एक कनेक्शन, जागा अनेक: तुमचं कसं चाललंय?

इंटरनेटचं कनेक्शन एक आणि ते वापरायच्या जागा दोन, तीन, कधी चार. खालचा मजला, वरची खोली, मागच्या बाजूचं भावाचं घर, ऑफिस, प्रवास. यावर घरोघरी काही ना काही जुगाड चालू असतो, पण तो सविस्तर कुणी सांगत नाही. विचारलं तर 'राउटर बदल' एवढंच उत्तर मिळतं. म्हणून हा धागा. स्पीड टेस्टचे आकडे नकोत. काय जोडलं, कुठे अडलं आणि कशाने सुटलं, तेवढं लिहा. घरातल्या कुरबुरी आल्या तरी चालतील, निम्मा प्रश्न तिथेच असतो असं माझं मत आहे.

सुरुवात मीच करते. फोनमधलं सिम हेच माझं एकमेव कनेक्शन. लॅपटॉप, टॅबलेट सगळं त्याच्यावर, त्यामुळे जिथे मी तिथे नेट. पण हॉटस्पॉट बराच वेळ चालला की फोन चांगलाच तापतो. तो एकाच वेळी टॉवरशी बोलत असतो, वायफाय पसरवत असतो आणि वर आपण त्याला चार्जिंगलाही लावलेलं असतं. एका जागी बसून काम करायचं असेल तर मी सरळ केबल लावून यूएसबी टेदरिंग करते. वायफायचं काम वाचतं, चार्जिंगही होतं. दुसरा फायदा नंतर लक्षात आला. केबल लांब घेतली तर फोन टेबलावर ठेवायची गरजच नाही, तो खिडकीच्या कठड्यावर राहू शकतो. रेंजच्या दांड्यांवर विसंबू नका, सेटिंगमध्ये सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसतो तो बघा, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. माझ्या टेबलावर उणे ११०च्या आसपास असतो, खिडकीत उणे १००. दिसायला फरक दहाचा, पण या मोजमापात १० म्हणजे दहापट ताकद.

०

आमचं प्रकरण जरा मोठं आहे. दोन घरं एकाच आवारात, मधे साधारण शंभर मीटर. कंपनीची लाइन माझ्या घरापर्यंत येते, धाकट्या भावाकडे जात नाही. आधी कंपनीला विचारलं. बहुतेक करारांत कनेक्शन एका पत्त्यापुरतं असतं, दुसऱ्या घराला वाटणं चालत नाही. आवार एकाच मालकीचं असल्यामुळे आम्हाला लेखी होकार मिळाला. हे ज्यांना करायचंय त्यांनी यंत्रं आणण्याआधी हा कागद आणावा.

सगळ्यांचा पहिला सल्ला होता, 'केबल पुरून टाक.' लॅनच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणजे आम्ही अगदी काठावर. पण खरी अडचण अंतराची नाही. दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं असतं. जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या व्होल्टेजमध्ये मोठा फरक पडतो आणि तो केबलमधून, म्हणजे आपल्या राउटरमधून, वाट काढतो. फायबर टाकली तर ही भीती नाही, काचेतून वीज वाहत नाही. आमच्याकडे मधलं सगळं फरसबंद असल्यामुळे खोदाई रद्द झाली आणि दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर ५ गिगाहर्ट्झचे अँटेना बसवले.

सुरुवातीला झकास चाललं. मग समोरच्या झाडाला नवी पालवी आली आणि जोड तुटायला लागला. वहिनीचं निदान होतं, 'पाऊस आला की तुमचं नेट जातं.' तक्रार खरी, कारण वेगळं. एवढ्याशा अंतरात पाऊस या लहरींचं काही बिघडवत नाही, बिघडवतात ती भिजलेली पानं. आणि एका अँटेनाशी उभं राहून दुसरा दिसला म्हणजे झालं, असंही नसतं. दोन अँटेनांमधल्या रेषेभोवती मोकळी जागा लागते. शंभर मीटरला बरोबर मध्यावर ती चहूबाजूंनी सव्वा मीटरच्या आसपास असते. झाडाचा शेंडा नेमका त्यात शिरला होता. झाड तसंच ठेवलं, पाइप उंच केला. आता वहिनीची तक्रार नाही, पण श्रेय मात्र पाऊस थांबल्याला जातं.

०

एवढी उठाठेव ज्यांना नको आहे आणि फक्त वरच्या खोलीत नेट हवंय, त्यांच्यासाठी. रिपीटर नेट येत नाही त्या खोलीत लावू नका. तिथे तो मेलेलाच सिग्नल पुढे ढकलतो. जिथे सिग्नल अजून धड आहे अशा जागी, जिन्यात वगैरे लावा. साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येणारच. त्यात यंत्राचा दोष नाही.

त्यापेक्षा कपाटात पडलेला जुना राउटर वर नेऊन केबलने जोडावा. आमच्याकडे तसाच आहे. तीन गोष्टी सांभाळा: जुन्या राउटरचा डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) बंद, त्याचा पत्ता बदललेला (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या), आणि केबल त्याच्या वॅन भोकात (बाहेरून येणाऱ्या लाइनचं) न घालता लॅनच्या भोकात (घरातल्या यंत्रांचं). वॅनमध्ये घातली तरी नेट चालतं, म्हणूनच लोक फसतात. खालच्या प्रिंटरला वरचा लॅपटॉप सापडेनासा झाला की मग शोधाशोध सुरू होते.

०

जुना राउटर वापरायला हरकत नाही, पण त्याला कंपनीकडून अजून सुरक्षेचे अपडेट येतात का ते बघा. आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून, पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद ठेवा. त्याच्या पिनमधली खोट २०११ पासून जगजाहीर आहे.

०

माझा डेटा मोजून मिळतो, त्यामुळे मला वेगाचं काही पडलेलं नाही. माझी लढाई माझ्याच यंत्रांशी आहे. फोनचा हॉटस्पॉट लागला की लॅपटॉपला वाटतं, आलं घरचं वायफाय, घ्या उरकून. अपडेट उतरवतो, फोटो वर चढवतो. एकदा ट्रेनमध्ये मी एक पत्र पाठवण्यापुरता हॉटस्पॉट लावला. लॅपटॉपवर पत्र गेलं, पण डेटा उतरतच होता. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत दोन नावं. दुसरं नाव टॅबलेटचं. तो बॅगेत, कव्हरात, स्क्रीन बंद असलेला, आणि आपापला जोडून घेऊन निवांत एक भलं मोठं ॲप उतरवत होता.

उपाय साधा आहे. लॅपटॉपमध्ये त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' चालू करायचं, फोनवर डेटा सेव्हर, आणि टॅबलेटमध्ये या हॉटस्पॉटसाठी 'आपोआप जोडा' बंद. हिशोब डोक्यात ठेवायला एक आकडा पुरतो: १ एमबीपीएसने सलग तासभर काही उतरलं तर ४५० एमबी जातात. व्हिडिओ ५ एमबीपीएसने चालला तर तासाला सव्वादोन जीबी. हे एकदा पाठ झालं की 'डेटा गेला कुठे' हा प्रश्न पडत नाही. फक्त हळहळ वाटते.

०

फिरतीवर काम करणारी आमची टोळी आहे. मोजमाप घेतो, संध्याकाळी सगळं ऑफिसला पाठवतो. सगळ्यांचं मिळून एक सिम, एका खिशात मावणाऱ्या राउटरमध्ये. तो गाडीत, मुक्कामी, साइटवर, सगळीकडे आमच्याबरोबर. बॅटरी काढता येते असाच घ्या. दिवसभर चार्जिंगला लावून ठेवलेल्या आमच्या पहिल्या राउटरची बॅटरी फुगली होती. आता मुक्कामी बॅटरी काढून थेट विजेवर चालवतो. सगळेच राउटर बॅटरीशिवाय चालत नाहीत, घेताना विचारून घ्या.

मोठा त्रास मात्र वेगळाच होता. वेग भरपूर, तरी एकाने फाइली वर पाठवायला घेतल्या की बाकीच्यांचे कॉल तुटायचे. बरेच दिवस सगळे टॉवरला शिव्या देत होतो. मग पिंग लावून, म्हणजे संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते, बघितलं. एरवी ४० मिलिसेकंद, फाइल चढत असताना हजाराच्या पुढे. राउटर जमेल तेवढी पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) रांगेत धरून ठेवतो आणि कॉलची इवलीशी पॅकेटही त्याच रांगेत शेवटी उभी राहतात. अरुंद जिन्यातून कुणी कपाट उतरवायला काढलं की मागचे रिकाम्या हाताचेही खोळंबतात, तसं. राउटरमध्ये 'स्मार्ट क्यू' किंवा 'एसक्यूएम' (ही रांग नीट लावणारी सोय) असेल तर ते लावा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली, ८०-९० टक्क्यांवर ठेवा. आमच्या राउटरमध्ये ती सोय नव्हती, म्हणून फाइल पाठवायच्या प्रोग्रामलाच वेगाची मर्यादा घातली. टॉवर तोच आहे. शिव्या बंद झाल्या.

०

हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी आपल्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा डेटा वेगळा मोजतात का ते वाचावं. फोनवर 'अमर्याद' आणि हॉटस्पॉटवर ठरावीकच, असे प्लॅन असतात. 'त्यांना कसं कळतं?' असं मला बरेच जण विचारतात. एक खूण अशी: प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. फोनमधून थेट निघालेल्या पॅकेटवर तो सहसा ६४ असतो. लॅपटॉपचं पॅकेट फोनमधून पुढे जाताना फोन त्यातला एक कमी करतो, मग ६३. विंडोजवाला १२८ पासून सुरू करतो, त्याचा होतो १२७. पलीकडे ते दिसतं. आकडा बदलायच्या युक्त्या आहेत, मी सांगणार नाही. करार मोडून घेतलेलं नेट नेमकं गरजेच्या वेळी बंद पडलं तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

०

पासवर्डवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे तो आल्यागेल्या प्रत्येकाला दिला जायचा. सासूबाईंनी तर मोठ्या अक्षरात लिहून दाराआड लावला होता. कितीजण वापरतात म्हणून राउटरची यादी उघडली तर ओळखीची निम्मीच. घरात खळबळ. नंतर कळलं, त्यातली बरीचशी आमचीच होती. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी आपला वेगळा खोटा पत्ता वापरतात. रिपीटरचं नाव वेगळं असेल तर एकच फोन दोनदा दिसतो. ज्यांच्या प्लॅनमध्ये यंत्रांची संख्या बांधलेली आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपल्या घरच्या नेटवर्कपुरता तो बनावट पत्ता बंद करता येतो.

पासवर्ड बदलायला मी उगाच घाबरत नव्हते. तो बदलला की प्रिंटर, कॅमेरा, दिवे, टीव्ही सगळ्यांना तो पुन्हा शिकवत बसावं लागतं. म्हणून आता बाहेरच्यांसाठी 'गेस्ट' नावाचं वेगळं वायफाय आहे. त्याचा क्यूआर कोड दाराआड लावलाय, पासवर्ड महिन्या-दोन महिन्यांनी बदलते आणि घरच्या यंत्रांना त्याचा पत्ताही लागत नाही. सासूबाईंना वाटलं पाहुण्यांचा अपमान होईल. पाहुण्यांनी फोन कोडसमोर धरला, नेट चालू झालं, कुणी काही बोललं नाही. आणि एक, कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्यापर्यंतच चौकशी येते. पलीकडच्या घरातल्या मुलाने काय उतरवलं हे आपल्याला माहीत नसतं, पण नाव आपलं असतं.

०

दिवे आणि प्लग बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि त्यातल्या जुन्यांना डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) कळत नाही. राउटरवर 'डब्ल्यूपीए२/३ मिश्र' ठेवलं की भांडण मिटतं.

०

आमची दुसरी जागा दूर आहे, कुणी राहत नाही. मूळ प्लॅनवरच एक जादा डेटा सिम मिळालं, ते तिथल्या राउटरमध्ये घातलं. डेटा दोन्हीकडचा एकाच डब्यातून. कॅमेरा मात्र बाहेरून दिसेना. राउटरचा बाहेरचा पत्ता पाहिला तर १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपनीच्या आतल्या वापराचे असतात. एका खऱ्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असतात, त्यामुळे बाहेरून आत दार ठोठावताच येत नाही. आतून बाहेर जाता येतं. म्हणून तिथल्या राउटरवर वायरगार्ड (दोन नेटवर्क इंटरनेटवरून सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) लावून त्यालाच घरच्या राउटरशी जोडायला लावलं. घरच्या लाइनचा पत्ता खरा आहे, म्हणून जमलं. तरी दोन दिवस काही चालेना, कारण दोन्ही जागी १९२.१६८.१ हीच मालिका. पॅकेटने कुठे जायचं? तिकडे १९२.१६८.५० केलं आणि कॅमेरा दिसला. कॅमेऱ्यात काय तर बंद खोली, पण तेच तर बघायचं होतं!

०

विद्यापीठात असाल तर एज्युरोम, म्हणजे विद्यापीठांचं सामाईक वायफाय, विसरू नका. आपल्या संस्थेचं एकच खातं, आणि शंभराहून जास्त देशांतल्या विद्यापीठांत फोन आपोआप जोडला जातो. युजरनेममध्ये @ नंतरचं संस्थेचं नाव पूर्ण लिहायचं. निघण्यापूर्वी आपल्याच संस्थेत एकदा जोडून बघा. परक्या ठिकाणी तिथले लोक तुमचा पासवर्ड दुरुस्त करू शकत नाहीत, तो तुमच्याच संस्थेत तपासला जातो.

०

माझा एक प्रश्न. वरच्या मजल्यावर जुना राउटर केबलने जोडलाय, या धाग्यात आधी लिहिलंय तसाच. दोन्ही मजल्यांवर वायफायचं नाव एकच ठेवू की वेगळं? आत्ता वेगळं आहे आणि प्रत्येक वेळी जिना चढला की हाताने बदलावं लागतं.

०

एकच ठेवा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही हुबेहूब सारखे. चॅनेल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून खाली १, वर ११. कुठे जोडायचं ते फोन ठरवतो, राउटर नाही, आणि काही फोन खालच्याला घट्ट धरून बसतात. तसं झालं तर खालच्या राउटरची ताकद सेटिंगमधून एक पायरी कमी करा, वाढवू नका. तरीही नाही सोडला तर फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करा आणि इथे कळवा कुठला फोन आहे ते.