विंडोज ११ अपडेट ०एक्स८००७३७१२ देऊन अडकतंय

प्रश्न: अपडेट डाउनलोड होतं, इन्स्टॉल होताना हा कोड येतो. एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स तपासून दुरुस्त करणारी कमांड) दोनदा चालवलं. काही फाइल्स दुरुस्त झाल्या नाहीत असंच म्हणतं. फॉरमॅट न करता सुटेल का?

उत्तर: सुटेल. क्रम उलटा झालाय. एसएफसी चांगल्या फाइल्स विनएसएक्सएस फोल्डरमधून (विंडोजच्या मूळ फाइल्सचा साठा) घेतं आणि हा कोड नेमका तोच साठा बिघडल्याचं सांगतो. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिझम (हा साठा दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) या पर्यायांसह चालवा: ऑनलाइन, क्लीनअप-इमेज, रिस्टोअरहेल्थ. ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थांबलं तरी खिडकी बंद करू नका. मग रीस्टार्ट, मग एसएफसी.

प्रश्नकर्ता: डिझम ०एक्स८००एफ०८१एफ देतंय.

उत्तर: म्हणजे चांगली फाइल कुठून घ्यायची ते त्याला सापडत नाही. त्याच आवृत्तीची, त्याच भाषेची विंडोजची आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाइल) माउंट करा, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडा, आणि डिझमच्या सोर्स पर्यायात 'सोर्सेस' फोल्डरमधल्या इन्स्टॉल डॉट विमचा (विंडोजच्या फाइल्सचा गठ्ठा) पत्ता द्या, सोबत लिमिटॲक्सेस, म्हणजे ते विंडोज अपडेटकडे फाइल्स शोधणार नाही. काही आयएसओत विमऐवजी ईएसडी असते, तेव्हा पत्त्याच्या सुरुवातीलाही ईएसडीच लिहायचं. पत्त्याच्या शेवटी लागणारा इंडेक्स (गठ्ठ्यातल्या होम, प्रो अशा प्रकारांचा क्रमांक) डिझमच्या गेट-विमइन्फोने बघून घ्या. इथे बहुतेकांची चूक होते: मशीनवर प्रो आणि इंडेक्स होमचा.

दुसरं उत्तर: हेही फसलं तर माउंट केलेल्या आयएसओमधलं सेटअप विंडोज चालू असतानाच चालवा, 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' निवडा. बॅकअप मात्र आधी घ्याच. आणि दुरुस्त केलेल्या फाइल्स पुन्हा बिघडल्या तर चेकडिस्क (डिस्क तपासणारी कमांड) चालवा आणि रॅमची चाचणी करा; दोष तिथे असेल तर वरचं सगळं वाया जातं.