मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीची नळी नेमकी कशाने धुवावी? रात्रीत गंज धरतोय

नमस्कार मंडळी, देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला आमची हापूसची कलमं आणि थोडी काजू आहे. वडिलांच्या नावावर शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, माकडं आणि डुकरं हाकलायला नुसता आवाजाचा बार काढतो, छर्रे घालत नाही, पण दारू तीच काळी असल्यामुळे नळीत घाण व्हायची ती होतेच.

प्रॉब्लेम असा की संध्याकाळी साफ करून ठेवली तरी सकाळी गजाला पांढरी चिंधी लावून आत फिरवली की ती तांबूस होऊन बाहेर येते. वडिलांची पद्धत म्हणजे रॉकेलचा बोळा फिरवायचा आणि वरून खोबरेल, आता रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेल. मी हल्ली गरम पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण वापरतो, पाणी काळंकुट्ट निघतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणजे आतलं सुटतंय हे नक्की, तरी तांबूसपणा काही जात नाही. आमची विहीर खाडीजवळ आहे, एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं, त्यामुळे माझा संशय पाण्यावर आहे. नेटवर अमेरिकेतले लोक हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि साबण समान भाग घ्या म्हणतात, कोणी काच पुसायचं लिक्विड सांगतं, कोणी नुसतं तेल. आपल्याकडच्या दमट हवेत यातलं काय चालतं? बंदूक आजोबांपासूनची आहे, नळी आतून खड्डे पडून खराब झालेली मला बघवणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगा. पाऊस तोंडावर आलाय.

प्रतिसाद

बंदूक भरलेली नाय मा, ता आधी बघ! केप (घोडा पडला की ठिणगी देणारी टोपी) काढ, गज नळीत तळापर्यंत सोड आणि तोंडाशी बोटाने खूण धर, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघ, खूण तोंडाशी ठेवली की गजाचं टोक निपलच्या (केप बसते त्या भोकाच्या बोंडाच्या) जागेपर्यंत पोचायला हवं. टोक आखूड पडलं तर आत काहीतरी आहे, मग पुढे काहीच करू नकोस, जाणकाराकडे ने. जुन्या घरातून भरून ठेवलेल्या बंदुका निघतात म्हणून सांगतोय.

आता गंजाचं. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग धूर आणि काजळी म्हणून घनच उरतो, त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढतात. हे क्षार पाण्यात विरघळतात, डिझेल-रॉकेलमध्ये नाही. म्हणजे बोळा फिरवला की वरची काजळी निघते, क्षार तेलाखाली तसेच राहतात आणि लोखंड खात बसतात. पाण्याला पर्याय नाही, तुमची पद्धत बरोबर आहे, फक्त मचूळ पाण्याने तुम्ही एक मीठ काढून दुसरं घालताय. धुवा कशानेही, पण शेवटचं खळबळणं बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याने करा, पेट्रोल पंपावर मिळतं.

प्रतिसाद

वर सांगितलंय त्यात भर. माझं लेथचं काम आहे, आम्ही जे सोल्युबल कटिंग ऑइल वापरतो, पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ते, एक भाग तेल आणि सात-आठ भाग गोडं पाणी असं करून बघा. क्षार पाण्यात जातात आणि मागे तेलाचा पातळ थर राहतो. परदेशातले काळी दारू वापरणारेसुद्धा हेच वापरतात. पेरॉक्साइडच्या नादाला लागू नका, ते फेस आणून घाण उचलतं खरं पण ते स्वतःच ऑक्सिजन सोडणारं, उघड्या लोखंडाला गंज चढवायला तेवढं पुरे. काचेच्या लिक्विडमध्ये काम करतं ते मुख्यतः पाणीच, फुकट पैसे. ब्लीच तर चुकूनही नको, त्यात क्लोरीन.

पाणी उकळतं घेऊ नका, लोखंड तापलं की ओलसर पृष्ठभागावर झटकन तांबूस पापुद्रा धरतो, कोमट पुरे. निपल काढून धुवा, भोकाला प्लास्टिकची नळी लावून दुसरं टोक बादलीत ठेवा आणि गजावर घट्ट चिंधी लावून पिचकारीसारखं वरखाली करा, तळाची खरी घाण तिथूनच निघते. नळीचं मागचं टोक बंद करणारा प्लग मात्र घरी खोलू नका, जुने आटे एकदा गेले की गेले, ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच.

धागाकर्ता

खूप आभार. गजाची खूण घेतली, नळी रिकामी आहे. कटिंग ऑइल आणि बॅटरीचं पाणी दोन्ही कणकवलीहून मागवतो. पावसाळ्यात चार महिने ठेवताना खोबरेल चालेल का? शिवाय आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते, तिथे मधे तेल लावायला मिळत नाही.

प्रतिसाद

खोबरेल नको, थंडीत थिजतं, जुनं झालं की खवट होऊन घोड्याच्या आतल्या भागात चिकटतं. कोरड्या चिंध्या कोरड्याच बाहेर येईपर्यंत फिरवा, मग डब्ल्यूडी ४० स्प्रे, ते ओल हटवतं पण टिकत नाही, म्हणून पुसून वर शिलाई मशीनचं किंवा बंदुकीचं तेल. लांब ठेवायची किंवा जमा करायची असेल तर आतून ग्रीसचा पातळ हात द्या. तोंड खाली करून ठेवा म्हणजे तेल लाकडी दस्त्यात उतरणार नाही. कापडी-चामड्याच्या गवसणीत ठेवू नका, ती ओल धरते. दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने पांढरी चिंधी फिरवून बघा, आणि पुन्हा बार काढायच्या आधी सगळं तेल-ग्रीस पुसून घ्या, नाहीतर केप फुटेल पण दारू पेटणार नाही.