सासऱ्यांना नागीण, घरात नऊ महिन्यांचं बाळ. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही लालबागला चाळीत राहतो, दीड खोली. सासरे (वय ७१) चार दिवस म्हणत होते, डाव्या बरगडीखाली भाजल्यासारखं होतंय. गॅस असेल म्हणून ओवा दिला. मंगळवारी बनियन काढला तर बरगडीपासून पाठीपर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा. डॉक्टरांनी बघताक्षणी नागीण म्हटलं आणि असायक्लोव्हिर सुरू केलं.

समोरच्या आजी गेरू घेऊन आल्या आणि सासऱ्यांसमोरच म्हणाल्या, "तोंड-शेपटी जुळली की संपलं." तेव्हापासून दर दोन तासांनी ते मला पाठ दाखवून विचारतात, "कुठवर आली?"

डॉक्टर म्हणाले, ह्या लहानपणीच्या कांजिण्याच. दवाखान्यात गर्दी होती, पुढचं विचारायचं राहिलं. सासऱ्यांना कांजिण्या गावी, दुसरीत असताना झाल्या होत्या. मग साठ-पासष्ट वर्षं हा विषाणू होता कुठे? बाळाला लागेल का? लस अजून झालेली नाही. रविवारी नणंद यायची आहे, तिला पाचवा महिना. तिला कांजिण्या झाल्या होत्या का, कुणालाच आठवत नाही. दीर म्हणतात, जोडीला अँटिबायोटिक देऊन टाक.

प्रतिसाद १

ताई, बाकीचं नंतर, आधी नणंदेला फोन करून रविवारचं येणं रद्द करा. तिच्या डॉक्टरांना सांगून रक्तात कांजिण्यांविरुद्धच्या अँटिबॉडीज (संरक्षक प्रथिनं) आहेत का, तपासून घ्या. गरोदरपणात पहिल्यांदा कांजिण्या झाल्या तर आईला न्यूमोनियाचा धोका असतो.

प्रतिसाद २

मायक्रोबायोलॉजी शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

विषाणू म्हणजे प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेली जनुकं. ह्या कांजिण्यांच्या विषाणूला वर चरबीचं आणखी एक आवरण असतं. स्वतःचं स्वयंपाकघर नाही. आपल्या पेशीत शिरायचं आणि तिच्याच भांड्यांत स्वतःच्या प्रती शिजवायच्या. अँटिबायोटिक जिवाणूची भिंत किंवा त्याची प्रथिनं बनवायची यंत्रणा मोडतं. इथे दोन्ही नाहीत, मोडणार काय? दिरांना हेच सांगा. असायक्लोव्हिर वेगळं आहे. ते विषाणूच्याच एन्झाइममुळे जागं होतं आणि डीएनएची नक्कल अडवतं. पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर उत्तम, तुमचं वेळेत झालंय.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी हा विषाणू जात नाही. मणक्याशेजारी संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथल्या पेशींत तो नुसता पडून राहतो. उतारवयात प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला की एखाद्या गाठीतून उठतो आणि त्याच तंतूवरून कातडीपर्यंत येतो. आधी जळजळ आणि मग फोड, ते यामुळेच. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला पुरतो, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेशी थांबतो. तोंड-शेपटी जुळत नाही. क्वचित पलीकडे गेलाच, तरी त्यानं माणूस मरत नाही. आजींना सांगायची हिंमत तुमची तुम्ही करा.

बाळाला नागीण लागणार नाही, पण फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या लागू शकतात. सगळे फोड खपलीवर येईपर्यंत पुरळ झाकलेलं ठेवा, टॉवेल-चादर वेगळी आणि बाळ मांडीवर नको. दीड खोलीत कठीण आहे, कल्पना आहे. बाळाच्या डॉक्टरांना आजच कळवा. लक्षणं दिसायला १० ते २१ दिवस लागतात. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, वर्षाच्या आत देत नाहीत. तुम्हाला स्वतःला झाल्या होत्या का?

मूळ धागाकर्ती

हो, चौथीत. कपाळावर खड्डा आहे अजून.

नणंदेचा रिपोर्ट आला, अँटिबॉडीज आहेत. तरी ती खपल्या पडल्यावरच येणार. पट्टा मणक्याशी थांबलाय, मी मोबाईलवर फोटो काढून सासऱ्यांना दाखवला तेव्हा कुठे रात्री झोपले. पाठीवरचे दोन फोड अजून ओलेच आहेत, सदरा चिकटतो. कापूस ठेवू का?

प्रतिसाद २

कापूस नको, तंतू अडकतात. केमिस्टकडे न चिकटणारी ड्रेसिंगची पट्टी मागा.