कुंडीतलं आलं: पानं पिवळी पडतायत, काढू की थांबू?

पुण्यात पूर्वेकडच्या गॅलरीत ग्रो बॅगमध्ये आलं लावलंय. बॅग १५ इंच रुंद, १२ इंच खोल. माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट. लागवड मे महिन्यात, मंडईतल्याच डोळे फुटलेल्या आल्याची. पावसाळाभर वाढ झकास होती. आता ऑक्टोबर संपताना खालची पानं कडेने पिवळी होऊन वाळतायत, शेंडा मात्र हिरवा आहे. आलं तयार व्हायला लागणारे आठ महिने भरायला वेळ आहे, त्यामुळे पीक तयार झाल्याची ही खूण वाटत नाही.

कंदकुजीची (जमिनीतला कंद सडण्याच्या रोगाची) शंका आली म्हणून फुटवा ओढून पाहिला. उपटून येत नाही, बुंधा मऊ नाही, घाण वासही नाही. कडेची माती उकरली तर कंद टणक, पण साल नखाने सहज निघते. पाणी कमी केलं, ट्रायकोडर्मा (कुजीच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) दिलं. निचरा चांगला आहे. फरक शून्य. रासायनिक बुरशीनाशक नको, हे रोजच्या चहात जायचंय!

सगळं न उपटता, ही नत्राची कमतरता आहे की कुजीची सुरुवात, हे कसं ओळखायचं? आणि थोडं बियाण्याला ठेवायचंय: आत्ता काढलेलं कोवळं आलं पुढच्या मेपर्यंत टिकेल, की पाला पूर्ण वाळेपर्यंत थांबायलाच हवं?