‘दहावा गाळा’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

शनिवारचा_वाचक :
रॉबर्ट जॉर्डनची ‘व्हील ऑफ टाइम’ ही चौदा भागांची इंग्रजी कल्पनारम्य मालिका नव्यानं हातात घेतलेल्या एका मुलाला परवा इथं कुणीतरी सल्ला दिला : नववा संपला की सरळ अकरावा उघड, दहावा (‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’) गाळ, काही अडत नाही. खाली सगळ्यांच्या माना डुलल्या. मला रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

पुस्तक संथ आहे, मान्य. नवव्याच्या शेवटी नायक रँड सैदीन, म्हणजे पुरुषांची बाटलेली जादूची शक्ती, शुद्ध करतो आणि दहाव्यात निम्मी मंडळी लांबून ‘हे काय चाललंय’ करत बसतात. खुद्द रँड चवीपुरता. पण त्याचा मित्र पेरिन, त्याचं काय? बायकोला शायडो टोळीनं पळवलंय, माणसं उपाशी, आणि हा गडी सो हाबर नावाच्या गावी धान्य घ्यायला जातो तर त्यात किडे. ते पाखडत बसायचं. आमच्याकडे वर्षाचे गहू भरायचे तेव्हा आजी मे महिन्यात गच्चीवर अशीच बसायची, सुपातला किडा नखानं टिपत, तोंडातून शब्द नाही. मला ते सगळं प्रकरण त्या आवाजात ऐकू आलं.

आणि त्यानंतर तो कैद्याचा हात कुऱ्हाडीनं तोडतो. माहिती हवी म्हणून. मग कुऱ्हाड झाडात रुतवून तिथंच सोडून चालायला लागतो. पहिल्या भागात रानात भेटलेल्या एलायसनं पेरिनला सांगितलेलं आठवतं का? या कुऱ्हाडीचा तिटकारा वाटतोय तोवर जवळ ठेव, वाटेनासा झाला की फेकून दे. ती फेकायला दहा भाग लागले, आणि तुम्ही नेमका तोच भाग गाळायला सांगताय. जॉर्डन व्हिएतनामच्या लढाईत दोनदा जाऊन आलेला माणूस. हे त्यानं उगाच लिहिलेलं नाही.

बाजीराव_रोड :
कुऱ्हाड मोजून काही पानं. बाकीच्या सहाशेंचं काय करू, पाखडू? तुम्ही चौदाही भाग फळीवर मांडून वाचलेत, म्हणून हे कौतुक. आम्ही नववा २००० मध्ये संपवला आणि २००३ पर्यंत ताटकळलो. मिळालं काय? राजकन्या एलेनची आंघोळ. पुढचा थेट २००५ मध्ये. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडला पहाटेपर्यंत पाय मोडून उभं राहावं आणि समोरून पाण्याचा टँकर जावा, तशी गत. जॉर्डनसारखी बायकोच संपादक असली की कात्री चालत नाही, हेच खरं.

अर्धवट_स्वेटर :
आलीच का बायको? हॅरिएट मॅकडूगल लग्नाच्या आधीपासून जॉर्डनची संपादक होती. पहिला भाग तुम्हाला आवडला ना? तोही तिनंच संपादित केलेला. तेव्हा कात्री चालली तर श्रेय नवऱ्याचं, आणि दहाव्यात नाही चालली तर दोष बायकोचा. २००७ मध्ये तो गेला, शेवट अर्धवट होता, तेव्हा तो पुरा करायला ब्रँडन सँडरसन या लेखकाला तिनं निवडलं म्हणून तुम्हाला शेवट वाचायला मिळाला. नाहीतर अजून ताटकळत असता.

बाजीराव_रोड :
बाई, एक वाक्य लिहिलं मी. एवढं अंगावर यायचं कारण नाही.

अर्धवट_स्वेटर :
‘बाई’ नको. आणि त्या एका वाक्यावर मी नोकरीत वीस वर्षं काढलीत. मजकूर मी दुरुस्त करायचा, नाव साहेबांचं. पुस्तक तुमच्याइतकंच मलाही कंटाळवाणं वाटलं, पण ते वेगळं.

चिंचेची_तालीम :
भांडण थांबवा, माझ्याकडे पुरावा आहे. सदाशिव पेठेत एक लायब्ररी होती, नाव सांगत नाही, जिना चढताना डोकं आपटायचं ती. तिथं एक ते नऊ होते आणि अकरावा होता. दहाव्याच्या जागी काकांनी लाल शाईत ‘गहाळ’ लिहिलेली चिठ्ठी. मी २००८ मध्ये तशीच उडी मारली. दोन प्रकरणं जरा चाचपडलो, रँडच्या गावची एग्वेन पकडली गेली कधी ते कळेना, बाकी सगळं जागच्या जागी. दहावा न वाचता मालिका पूर्ण केलेला माणूस तुमच्याशी बोलतोय.

शनिवारचा_वाचक :
म्हणजे जो भाग वाचलाच नाहीत, तो वाचायच्या लायकीचा नाही हा तुमचा पुरावा. धन्य.

अर्धवट_स्वेटर :
थांबा, ती लायब्ररी! खिडकीशी मांजर असायचं ती? काका पुस्तक परत घेताना वास घेऊन बघायचे. ‘ताई, फोडणीच्या जवळ ठेवलं होतं का?’ आणि चार आणे दंड.

चिंचेची_तालीम :
तीच! माझ्या वेळी दंड रुपया होता. बंद पडली तेव्हा पुस्तकं किलोवर गेली, मी शेवटच्या दिवशी होतो तिथं. काका म्हणाले, सगळा संच एकाला द्यायचा होता, पण दहावा नाही म्हणून कुणी घेईना. कुणी ढापला देव जाणे. माणसं नाटकाचं तिकीट जपून ठेवतात आणि लायब्ररीचं पुस्तक ढापतात.

शनिवारचा_वाचक :
सरळ चोरी आहे ही. मालिकेतला मधलाच भाग पळवणाऱ्याला तर वेगळी शिक्षा पाहिजे.

बाजीराव_रोड :
ढापला वगैरे जपून बोला. माणसाची बदली होते, घाईत सामान बांधलं जातं.

अर्धवट_स्वेटर :
अरे देवा.

चिंचेची_तालीम :
आतल्या पानावर गोल शिक्का आहे का हो, जांभळा?

बाजीराव_रोड :
आहे. २००३ च्या पावसाळ्यात नेलं होतं, मग नाशिकला गेलो, परत आलो तेव्हा द्यायची लाज वाटली.

शनिवारचा_वाचक :
बावीस वर्षं घरात! गाळायच्या लायकीचं पुस्तक!

बाजीराव_रोड :
दोनदा वाचलंय. दुसऱ्यांदा कुऱ्हाडीपाशी थांबलो होतो थोडा वेळ, एवढं देतो तुम्हाला. आंघोळ दुसऱ्यांदाही तेवढीच लांब आहे. तालीमवाले, पत्ता कळवा, रविवारी आणून देतो.

चिंचेची_तालीम :
आणा. पण आधी वास घेऊन बघेन.