मदत हवी आहे: संडास बांधलेत, पण वापरत नाहीत

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका म्हणून काम करते. १२ हजारांच्या अनुदानातून घरोघरी संडास झाले, पण कित्येकांत आता सरपण रचलंय. म्हातारी माणसं टमरेल घेऊन ओढ्याकडंच जातात. "टँकरचं पाणी प्यायला पुरंना, तिथं काय ओतायचं?" म्हणतात. संडासाच्या जास्त उताराच्या ग्रामीण भांड्याला एका वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरतं, हे पटत नाही. खड्डा भरायची धास्ती वेगळीच. दोन शोषखड्डे आलटून-पालटून वापरले की बंद ठेवलेल्यातलं वर्ष-दीड वर्षात कोरडं खत होतं, पण ते इथं कुणी डोळ्यानं पाहिलेलंच नाही.

पाण्याचंही तसंच. क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं, तर "वास येतो" म्हणून बाटली फळीवर पडून. परवा एका घरी रांजणाशेजारी ओगराळं टांगलेलं होतं, तरी सुनेनं बाळासाठी पेला बोटांसकट बुडवला. त्या बाळाला महिन्यात दुसऱ्यांदा हगवण लागलीय. जीव तुटतो हो.

तुमच्या गावात ही सवय कशानं बदलली? आणि असा खत झालेला खड्डा उघडून दाखवेल असं गाव बीड-लातूरकडं कुणाला माहीत आहे का? बचत गटातल्या बायकांना घेऊन येईन.