स्वतः रायफल बांधायची तर खर्च किती, आणि हाती काय लागतं?

अक्रोडवेडा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज विचारूनच टाकतो. काकांची एक जुनी बोल्ट ॲक्शन रायफल माझ्याकडे आली, माऊजर ९८ ची ॲक्शन (बोल्ट आणि तो ज्यात बसतो तो मधला लोखंडी भाग) आहे, कागदपत्रं, लायसन्स सगळं रीतसर माझ्या नावावर झालंय. पण बॅरल, म्हणजे नळी, पार झिजलीय, १०० मीटरवर गोळ्या तळहाताएवढ्या पसरतात, आणि दस्त्याला, म्हणजे लाकडी भागाला, ग्रिपच्या मागे तडा गेलाय. मला सुतारकामाची हौस आहे, पटाशी रंधा कानस सगळं आहे, लेथ मात्र नाही आणि चालवताही येत नाही.

तर विचार असा की नवी बॅरल, नवा ट्रिगर घ्यायचा आणि अक्रोडाचा दस्ता स्वतः घडवायचा. पण कागदावर हिशोब मांडला आणि गप्प बसलो, तेवढ्या पैशात नवी कोरी फॅक्टरी रायफल येते आणि वर स्कोपलाही पैसे उरतात. मग लोक हे का करतात? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा, खर्च नेमका कुठे वाढतो आणि शेवटी समाधान मिळतं का. घरचे विचारतायत आणि माझ्याकडे धड उत्तर नाही.

तिसरादस्ता
मी तीन बांधल्यात, म्हणून लिहितो. पैशाचं आधी बोलू, पैसे परत येत नाहीत. विकायला काढलीत तर समोरचा फक्त भागांचे पैसे देतो, कारण दस्ता तुमच्या हाताच्या मापाचा, त्याला त्याचं काय. पहिल्या वेळी मी बॅरल, ट्रिगर, लाकूड, स्कोपचे माउंट आणि गनस्मिथची मजुरी एवढंच धरलं होतं. इपॉक्सी, बेडिंगचे (ॲक्शन लाकडात घट्ट बसवायचे) पिलर, दोन गोल पटाश्या, चेकरिंगची (पकडीसाठी दस्त्यावर आडव्यातिडव्या रेघा कोरायची) हत्यारं, ब्लूइंग (लोखंडावरचा काळा-निळा थर) आणि शेवटी टेस्टिंगला लागलेली काडतुसं, हे सगळं नंतर आलं आणि अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाले. तेव्हा हिशोबात काडतुसं आत्ताच धरा, लोक तीच विसरतात.

आता दस्ता. तुम्ही लाकडाचे माणूस आहात तर यातलं सुख तुम्हाला कळेल. ॲक्शनला खालून काळा रंग लावायचा, लाकडात दाबायची, उचलायची, जिथे डाग उमटला तिथंच केसभर खरवडायचं, परत रंग, परत दाबायची. शेकडो वेळा. पाच महिने संध्याकाळी हेच चाललं होतं माझं. मध्ये एक दिवस घाई केली, रिकॉइल लगच्या (ॲक्शनखालचा, धक्का लाकडात उतरवणारा खुंट) मागच्या भिंतीवरून जास्त लाकूड काढलं, वाटलं काय होतंय एवढ्यानं. झालं काय की गोळी सुटल्यावर जो धक्का लगनं घ्यायचा तो ॲक्शनच्या शेपटानं घेतला आणि विसाव्या गोळीच्या आसपास दस्ता मागून चिरला. तुमच्या काकांच्या रायफलचा तडा मला तसाच वाटतोय, एकदा ॲक्शन काढून लगची जागा बघा. तसं असेल तर जुन्या दस्त्याचं माप डोळे झाकून नव्यावर उतरवू नका, चूकही उतरेल.

लाकूड वाळलेलं हवं. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरतात, पण मी त्यावर विसंबत नाही, ठोकळा दर आठवड्याला वजन करून ठेवतो आणि वजन घटायचं थांबलं की मगच पटाशी लावतो. ओलं लाकूड पुढे हलतं, फोरएंड (दस्त्याचा पुढचा भाग) बॅरलला टेकतो आणि पावसाळ्यात एक झिरो (नेमाची जुळणी), उन्हाळ्यात दुसरा. म्हणून बॅरल पूर्ण मोकळी ठेवायची, कागद आरपार सरकला पाहिजे.

हाती काय लागतं? माझी मान लांब आहे, फॅक्टरी दस्त्यावर गाल टेकवला की डोळा स्कोपच्या खाली राहायचा, मग मान उचलून धरायची, दहा गोळ्यांत खांदा भरून यायचा. दुसऱ्या रायफलला गालाची जागा मी मातीनं लिंपून आधी माप घेतलं मग लाकूड कोरलं. आता डोळे मिटून रायफल खांद्याला लावतो आणि उघडतो तेव्हा क्रॉसहेअर समोर असतो. यासाठी मी परत तेवढेच पैसे घालीन.

लेथवाला
वरच्या सगळ्याशी सहमत पण बॅरलच्या कामाला तुम्ही हात लावू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. मी वीस वर्षं लेथवर काम करतोय तरी पहिल्या दोन बॅरल जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून केल्या.

हेडस्पेस म्हणजे चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंतची जागा, ती गेजनं (मापाच्या ठोकळ्यानं) तपासतात, गो गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि नो-गोवर होता कामा नये. जागा जास्त राहिली तर काडतुसाची केस (पितळी कवच) ताणली जाते, बुडाशी फाटली तर गॅस मागे येतो, आणि मागे तुमचा चेहरा असतो. .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसात दाब ४,००० बारच्या आसपास जातो, यात चालवून घेऊ असं काही नसतं.

आणि नवी बॅरल ऑर्डर करायच्या आधी ॲक्शन तपासून घ्या. माऊजर ९८ ची रचना उत्तमच, रिकामी केस ओढून काढणारा मोठा क्लॉ एक्स्ट्रॅक्टर, बोल्टला पुढे दोन लग (रिसीव्हरमध्ये अडकणारे खुंट) आणि मागे तिसरा सेफ्टी लग, १८९८ ची कल्पना आजही लोक वापरतात. पण या ॲक्शनमध्ये बऱ्याचदा स्टील आतून मऊ आणि वरचा थर कडक केलेला असतो. जास्त दाबाची काडतुसं वर्षानुवर्षं चालवली तर रिसीव्हरमध्ये, म्हणजे ॲक्शनच्या बाहेरच्या घरात, बोल्टचे लग जिथे टेकतात तिथे खळगा पडतो आणि हेडस्पेस आपोआप वाढत जातो. तसं निघालं तर ती भिंतीवर लावायची, बॅरलचे पैसे वाचले समजा. अजून एक, ही जुनी सैनिकी रायफल मूळ रूपात असेल आणि सगळ्या भागांवरचे नंबर जुळत असतील तर कापायच्या आधी संग्राहकाला दाखवा, एकदा कापली की ती किंमत गेली.

कायदा ज्याचा त्यानं बघायचा, कुठे फक्त ॲक्शन नियंत्रणात असते, जर्मनीत बॅरल आणि बोल्टही, आणि काही ठिकाणी परवान्याशिवाय घरी हे काम करणं हाच गुन्हा. सीआयपी (बंदुकांच्या चाचणीचा आंतरराष्ट्रीय करार) देशांत नवी बॅरल बसवली की प्रूफची (जास्त दाबाची) चाचणी आणि शिक्का. तो खर्चही यादीत लिहा.

दहाचावर्तुळ
मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. तुम्हाला नेम सुधारायचा असेल तर हे करू नका. आजच्या साध्या फॅक्टरी रायफली चांगल्या काडतुसाला १ मिनिट ऑफ अँगलच्या (कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग) आसपास येतात, म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिलिमीटर. त्याच्या आतला फरक बहुतेकांच्या खांद्यात आणि श्वासात असतो, बॅरलमध्ये नाही. मी स्पर्धा खेळतो, माझ्यासाठी बॅरल म्हणजे गाडीचा टायर. ६.५ क्रीडमोर, २००७ मध्ये आलेलं काडतूस, त्याची बॅरल मी अडीच हजार गोळ्यांच्या आसपास बदलतो, .३०८ ची दुप्पट चालते. चेंबरच्या पुढचा घसा गरम गॅसनं जळत जातो, कितीही महाग बॅरल घ्या.

भाग बदलायची हौस असेल तर १९५८ पासूनची सॅव्हेज ११० बघा, बॅरल नटनं धरलेली असते, नट फिरवून गेजवर हेडस्पेस जुळवता येतो म्हणून तयार चेंबर केलेली बॅरल बसते. जुन्या ॲक्शनवर एवढा खर्च मला पटत नाही, तेच पैसे काडतुसांना घाला आणि रेंजवर जा.

तिसरादस्ता
@दहाचावर्तुळ तुमचं गणित बरोबर आहे, पण ती त्यांच्या काकांची रायफल आहे. नवी घेतली तर ही कपाटातच राहणार ना.

अक्रोडवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर लिहाल वाटलं नव्हतं. काल ॲक्शन काढली, लगच्या मागे खरंच नखभर फट आहे, तडा तिथूनच आलाय. काका म्हणायचे ही रायफल धक्का फार देते, बहुतेक म्हणूनच. तर आता ठरलं असं, आधी ॲक्शन गनस्मिथकडे तपासायला, ती पास झाली तरच बॅरल आणि तीही तोच बसवणार, दस्ता माझा. ॲक्शन नापास झाली तर दस्ता तरीही करणार, ती आहे त्या बॅरलसकट भिंतीवर राहील पण चिरलेली नाही. घरच्यांना सांगितलं की पैसे वाचणार नाहीत, आश्चर्य म्हणजे कुणी काही बोललं नाही, काकू म्हणाली लाकूड निवडायला मला ने. चेकरिंगचा सराव कशावर करू?

तिसरादस्ता
काकूंना नक्की न्या. सराव अक्रोडाच्याच तुकड्यावर करा, मऊ लाकडावर रेघांमधल्या हिऱ्याच्या आकाराची टोकं तुटतात आणि उगाच धीर खचतो. गोल पृष्ठभाग घ्या, सपाट फळीवर सगळ्यांनाच जमतं. इंचाला १८ रेघांपासून सुरू करा, २४ वर मी तिसऱ्या दस्त्याला गेलो. आणि जवसाच्या तेलाचा हात मारायला लागाल तेव्हा भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. लगची जागा कोरायला घ्याल त्याच्या आधी इथे फोटो टाका, मी बघतो.